वॉरहॅमर फँटसी: मोकळ्या गावातला तपास, एक क्लू हुकला की खेळ अडतो. बांधणी कशी करावी?

कंदीलधारी

मंडळी, वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या चौथ्या आवृत्तीसाठी तपासाचं अ‍ॅडव्हेंचर बांधतोय. चार प्लेअर, साडेतीन तासांची ५ सेशन्स. जागा त्या जगातला राइकलंड प्रांत, उबर्सराइक शहराच्या वरच्या अंगाला टॉयफेल नदीकाठचं मी कल्पलेलं गाव, मूसबाख. चाळीसेक घरं, दोनशे माणसं. ठिकाणं नऊ: पाणचक्की, गावची सामाईक भट्टी, शाल्या या शुश्रूषेच्या देवीचं छोटं देऊळ, मॉर या मृत्यूच्या देवाची दफनभूमी, सराय, जकातीचा बुरूज, न्हाव्याचं दुकान (तोच गावचा शस्त्रवैद्य), सुईणीची झोपडी आणि ओसाड पडलेली चुन्याची भट्टी.

गोष्ट अशी: लोकांच्या अंगाला मुंग्या येतात, झटके येतात, काहींची बोटं काळी पडून गळतात, काहींना आवाज ऐकू येतात. गाव सुईणीला चेटकीण ठरवून मोकळं झालंय. खरं कारण म्हणजे रायच्या कणसांवरची अरगट ही विषारी बुरशी. (राय म्हणजे युरोपातलं काळ्या पावाचं धान्य, फोडणीतली राई नव्हे.) जहागिरीच्या कारभाऱ्यानं चांगली राय बोटीनं बाहेर विकली आणि रोगट राय गावाच्या गळ्यात मारली. ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांना न्हावी गोड बोलून आपल्या पंथात ओढतोय. विष निसर्गाचं, त्यावर पोळी भाजून घेतंय केऑस, म्हणजे त्या जगातली माणसाला भ्रष्ट करणारी दुष्ट शक्ती.

सध्या मांडणी सीनमागून सीन अशी आहे: सराय, देऊळ, सुईण, चक्की, शेवटी चुन्याची भट्टी. पण प्लेअरना कुठंही, कधीही जाता यावं असं वाटतं. दोन ठिकाणी गाडी अडणार हे दिसतंय. चक्कीतला मुख्य क्लू पर्सेप्शन या निरीक्षणाच्या कौशल्यावर लटकलाय, आणि सुरुवातीच्या कॅरेक्टरचं पर्सेप्शन असतं शंभरात ३५-४०. दुसरं, ते बोटीत बसून उबर्सराइकला निघून गेले तर माझ्याकडे तिथे द्यायला काहीच नाही. जाणकारांनी सांगावं.

दिवटी

आधी तो क्रम फाडून टाका. मोकळ्या तपासात सीन लिहायचेच नसतात. एका पानावर काय घडलंय ते लिहा, दुसऱ्यावर प्लेअर आलेच नसते तर काय घडत गेलं असतं ते, आणि तिसऱ्यावर निष्कर्ष आणि त्यांचे क्लू. यापलीकडे नऊ ठिकाणांना चार-चार ओळी पुरतात.

दुसरं पान सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथे वॉरहॅमरचं पंचांग तुम्हाला फुकटात क्लू देऊ करतंय. आठवडा आठ दिवसांचा: वेलेनटाग, औबेनटाग, मार्कटाग, बाकरटाग, बेत्सालटाग, कोनिसटाग, आंगेस्टटाग, फेस्टाग. बाकरटाग म्हणजे पाव भाजायचा दिवस! सामाईक भट्टी त्याच दिवशी पेटते, घरोघरी ताजा पाव जातो आणि पुढच्या दोन दिवसांत आजाराची लाट येते. शाल्याची पुजारीण रुग्णांची वही ठेवत असेल, तर तारखा नुसत्या ओळीनं वाचल्या तरी घोळका दिसतो. फासा टाकायची गरजच नाही.

पहिला दिवस मार्कटाग धरला तर साधारण असं:

१, मार्कटाग: बाजारात सुईणीवर शेण फेकतात. प्लेअर पोचतात.
२, बाकरटाग: भट्टी पेटते.
३, बेत्सालटाग: नवे चार रुग्ण. त्याच रात्री कारभाऱ्याची बोट चांगली राय घेऊन सुटते.
४, कोनिसटाग: एक पोर दगावतं. जमाव सुईणीला बुरुजात कोंडतो.
५, आंगेस्टटाग: विच हंटर, म्हणजे चेटूक हुडकून जाळणारा अधिकारी, येतो.
६, फेस्टाग: देवळासमोर चौकशी.
७, वेलेनटाग: चिता.
त्यानंतरची रात्र गेहाइम्निसनाख्ट, त्या जगातले दोन्ही चंद्र पूर्ण. हा दिवस कुठल्याच वारात मोडत नाही. न्हाव्याचा विधी तेव्हा.

आता तिसरं पान. तुमच्या गोष्टीत निष्कर्ष चारच आहेत: आजार पावातून येतो, धान्य कारभाऱ्यानं बदललं, सुईण निर्दोष आहे, न्हावी पंथ चालवतो. प्रत्येकाला किमान तीन क्लू, किमान दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यातला एक तरी विनाफासा. क्लूंची जातही वेगळी ठेवा: एक वस्तू, एक माणूस, एक कागद. तिन्ही क्लू साक्षीदारांच्या तोंडी ठेवले आणि प्लेअरनी पहिल्याच दिवशी गावाशी भांडण काढलं, की तिन्ही दारं एकदम बंद.

पहिल्या निष्कर्षाचं उदाहरण घेऊ. पुजारिणीची वही झाली. बुरुजातली माणसं गव्हाचा पांढरा पाव खातात आणि तिथे एकही आजारी नाही, हे झालं दुसरं. तिसरा क्लू मला सर्वांत आवडतो: देवळात ठेवलेले रुग्ण सुधारतात, कारण शाल्याच्या देवळात बाहेरून आलेल्या जवाची पेज मिळते, आणि घरी गेले की पुन्हा पडतात. गाव याचा अर्थ ‘देवळाच्या उंबऱ्याआत चेटूक चालत नाही’ असा लावतं. एकाच खुणेचे दोन अर्थ निघाले की प्लेअर आपसात भांडतात, आणि तपासाच्या खेळात तेच तर हवं असतं.

धान्याच्या अदलाबदलीला टॅली काठी वापरा. शेतकऱ्यानं किती पोती टाकली त्याच्या खाचा पाडून काठी उभी चिरायची, अर्धी त्याच्याकडे, अर्धी चक्कीवाल्याकडे. दोन्ही अर्ध्या जुळवल्या तर खाचा तंतोतंत बसायला हव्यात. इथे चक्कीवाल्याच्या अर्ध्यांवर तीन-तीन खाचा नंतर तासून काढलेल्या, आणि तासलेलं लाकूड अजून पांढरं. टेबलावर खरोखर दोन चिरलेल्या काड्या ठेवा.

उंदीरपकड्या

दिवटींचं बरोबर, फाशांबद्दल थोडी भर घालतो.

पर्सेप्शन ३८ आणि चॅलेंजिंग टेस्ट, म्हणजे अधिक-उणे शून्य. फासा शंभराचा, ३८ किंवा खाली पडलं तरच यश, म्हणजे शंभरातून ६२ वेळा प्लेअर अपयशी. अ‍ॅव्हरेज ही सोपी पातळी धरून २० वाढवले तरी ४२ वेळा. अशा फाशावर अख्खं अ‍ॅडव्हेंचर टांगायचं नाही. क्लू मिळतो की नाही यासाठी फासा नकोच, तो केवढ्याला पडतो यासाठी हवा. चौथ्या आवृत्तीत त्यासाठी सक्सेस लेव्हल आहेतच: स्किलचा दशकाचा आकडा वजा फाशाचा दशकाचा आकडा. ३८ वर १४ पडले तर अधिक २, ६१ पडले तर उणे ३.

चक्कीत असं लावा. पेटीचं झाकण उचललं की दाण्यांत काळे लांबट काटे दिसतातच. ते फुकट. फासा टाकून अधिक २ किंवा वर आलं तर पोत्यांवर दोन वेगळ्या मोहरा आहेत हेही कळतं आणि तासलेल्या काठ्याही सापडतात. शून्य ते अधिक १ असेल तर नुसत्या मोहरा. उणे १ वा २ आलं तर तेवढंच कळायला दुप्पट वेळ जातो. उणे ३ किंवा खाली गेलं की चक्कीवाला पाहतो, कारभाऱ्याला सांगतो आणि बोट बेत्सालटागच्या रात्रीऐवजी बाकरटागलाच सुटते. क्लू कुणाच्याच हातून गेला नाही, पण किंमत खरी मोजली.

फासा पुन्हा टाकायला (रीरोल) खर्चायचे फॉर्च्यून पॉइंट सेशनच्या सुरुवातीला परत भरतात, त्यामुळे पहिल्या तासात प्लेअर रीरोलची उधळण करतात. महत्त्वाच्या टेस्ट सेशनच्या उत्तरार्धात आल्या की हात आखडतो आणि मग डार्क डील गोड वाटायला लागतं. म्हणजे एक करप्शन (केऑसनं भ्रष्ट होण्याचा) पॉइंट स्वतःहून घ्यायचा आणि टेस्ट पुन्हा टाकायची, आधी रीरोल केलेली असली तरी. तपासात याचा अर्थ असा की प्लेअर सत्यासाठी थोडा थोडा सडत जातो. विलपॉवर (मनोबल) बोनस अधिक टफनेस (चिवटपणा) बोनस यापलीकडे पॉइंट गेले की एन्ड्युरन्स (सहनशक्ती) टेस्ट, आणि ती चुकली की म्युटेशन, म्हणजे विकृत बदल. सुरुवातीच्या कॅरेक्टरची ही मर्यादा सहाच्या आसपास असते. विच हंटर गावात असताना एखाद्याच्या मानेवर पिसं फुटली, तर तुम्हाला वेगळं शेवटचं दृश्य लिहावं लागणार नाही.

हे मात्र पाळा: रुग्णांना हात लावला, त्यांचे भास ऐकले, कुजलेली बोटं पाहिली तरी करप्शनची टेस्ट मागू नका. ते विष आहे, केऑस नाही. न्हाव्याच्या तळघरात पाय टाकल्यावर मात्र मध्यम प्रतीचं एक्स्पोजर (केऑसचा संसर्ग) धरून टेस्ट मागा. चाणाक्ष प्लेअर तुम्ही टेस्ट कुठे मागता आणि कुठे मागत नाही याकडे लक्ष ठेवून असतात. ठेवू द्या. तोही क्लूच आहे, आणि प्रामाणिक क्लू आहे.

कंदीलधारी

दोघांचे आभार. टॅली काठी घेतलीच. अजून दोन शंका. एक, अरगट कॅरेक्टरना ओळखता कसा यावा? त्या जगात पाव आणि आजार यांचा संबंध कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. दोन, विच हंटरला नुसता खलनायक करायचं नाहीये. आणि बोटीनं पळण्याचा प्रश्न आहेच.

कणीस

अरगटाबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे बाजरीवर येतो तो याचा चुलतभाऊ.

रायवरच्या बुरशीचं नाव क्लॅव्हिसेप्स परप्युरिया. फुलोऱ्याच्या वेळी थंड ओलं हवामान असलं की लागण होते. आधी कणसातून चिकट गोड स्राव गळतो, माश्या जमतात, मग दाण्याच्या जागी जांभळट काळा, दाण्यापेक्षा लांब, कोंबड्याच्या नखीसारखा काटा वाढतो. म्हणजे ‘यंदा फुलोऱ्यात सूर्य दिसला नाही आणि शेतात माश्या फार’ हे म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडचं वाक्य खरा क्लू आहे आणि सरायीत सहज पेरता येतं. काट्यातलं विष साठवणीत हळूहळू उतरतं, म्हणून नवं धान्य जास्त घातक. तुमची वेळ सुगीनंतरची आहे, ते जुळतंय.

लक्षणांत एक दुरुस्ती. बोटं काळी पडणं हे रक्तवाहिन्या आकसल्यामुळे होतं आणि त्याला आठवडे लागतात. कालच पाव खाल्लेल्या माणसाची बोटं आज गळणार नाहीत. नव्या रुग्णांना मुंग्या, जळजळ, झटके, भास द्या. काळी बोटं फक्त सुगीपासून खाणाऱ्यांना. बोट गळताना रक्त जवळजवळ येत नाही, वाळकी काडी मोडावी तसं. मॉरच्या पुजाऱ्यानं प्रेतं धुतलेली असतात, तो हे एका वाक्यात सांगू शकतो. गाभण गुरं गाळतात, बायकांचे गर्भ पडतात, आणि गावाचा संशय सुईणीवर का गेला तेही आपोआप सुटतं.

आता गंमत. सुईणीच्या झोपडीत मडकं भरून अरगटच ठेवा. युरोपातल्या सुईणी कळा वाढवायला तो वापरत. १५८२ च्या एका जर्मन वनौषधी ग्रंथात तशी नोंद आहे. पण भाकरीतल्या अरगटानं माणसं मरतात हे तिथल्या विद्वानांनी पटवून घ्यायला सतरावं शतक उजाडलं. तेव्हा तुमची शंका बरोबर: वैद्याला, पुजाऱ्याला माहीत नसणार. गावात हे काटे ओळखणारी एकटी सुईण, आणि तिच्या घरात सापडलेलं मडकं तिला चितेवर न्यायला पुरेसं. ती बोलली तर स्वतःविरुद्धच पुरावा देते, म्हणून पहिल्या भेटीत गप्प राहते.

टेबलावर काय द्यायचं तर मिठाचं पाणी. बाजरीच्या बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ ही शिफारस आपल्याकडे जुनीच आहे. निरोगी दाणा बुडतो, अरगट तरंगतो. प्लेअरना पेला, मीठ आणि मूठभर धान्य मिळालं की कुठल्याही टेस्टशिवाय, सगळ्या गावासमोर दाखवता येईल असा पुरावा तयार. फक्त लक्षात ठेवा, हे अख्ख्या दाण्यावर चालतं. पिठावर नाही. फुटके तुकडेही सगळे वर येत नाहीत.

तिसरी_घंटा

मोकळीक म्हणजे नकाशा मोठा असणं नव्हे, वेळ मोजलेला असणं. दिवसाचे चार तुकडे करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. एक ठिकाण नीट पाहणं किंवा एका माणसाशी निवांत बोलणं म्हणजे एक तुकडा. सात दिवसांचे झाले २८. साडेतीन तासांत साधारण सहा तुकडे खेळून होतात, म्हणजे पाच सेशन्समध्ये ३०. तुमचा हिशेब आपोआप बसतोय. रात्रीचा तुकडा वापरला तर दुसऱ्या दिवशी फटिग्ड (थकलेले), सगळ्या टेस्टना उणे १०. प्लेअर दोन गटांत फुटले तर फुटू द्या, पण त्या तुकड्यात दोन्हीकडे मिळून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. तुकड्यांचा तक्ता प्लेअरसमोर उघडा ठेवा आणि गेलेल्या चौकटीवर काट मारत जा. पडद्याआड मोजलेल्या वेळेची कुणाला भीती वाटत नाही.

बोटीनं उबर्सराइकला गेले तर जाऊ द्या. नदीच्या ओघानं एक दिवस, परत येताना ओढून आणायची म्हणून दोन. तिथे तीनच गोष्टी ठेवा: धक्क्यावर मूसबाखच्या मोहरेची चांगली राय, अडत्याच्या वहीत कारभाऱ्याची सही, आणि न्हाव्याला गावात येण्याआधी ओळखणारा एखादा शिकाऊ शस्त्रवैद्य. तिन्ही मूळच्या चार निष्कर्षांनाच पोचवतात, म्हणजे सहल फुकट जात नाही. पण तीन दिवसांचे १२ तुकडे गेले. चौथ्या दिवशी निघाले असतील तर परततील तेव्हा चितेचा धूर नदीवरूनच दिसेल.

दुसऱ्याच दिवशी कारभाऱ्याचा मुडदा पाडला तर? प्लेअर हे करतातच. माणूस गेला तरी पीठ तेच राहतं. बाकरटागला भट्टी पेटली की नवे रुग्ण येणार. त्याचा कारकून जागा घेतो, घाबरून वह्या जाळायला निघतो, आणि अर्धवट जळलेली वही हा तुमचा कागदी क्लू. चक्कीवाल्याला बडवून कबुली काढली तर तो समोरच्याला जे ऐकायचंय तेच बोलेल, म्हणजे सुईणीचं नाव घेईल.

विच हंटरला खलनायक करू नका, त्याला घाईत ठेवा. त्याला पुढच्या गावाहूनही बोलावणं आहे आणि फेस्टागला निकाल लावायचाय. त्याला तीन गोष्टी लागतात: एक साक्षीदार, एक खूण, एक कबुली. प्लेअरनी चारपैकी दोन निष्कर्ष हातात धरता येतील अशा पुराव्यानिशी मांडले तर तो ऐकतो. आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. धान्य बाधलेलं आहे हे त्याला पटलं, की तो कोठार पेटवायला निघतो. विष जातं, हिवाळ्याचं धान्यही जातं.

जाता जाता: मराठी टेबलावर ‘गेहाइम्निसनाख्ट’ तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत हशा पिकतो आणि वातावरण बसतं. नावाचं भाषांतर करू नका, गावकऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘ती रात्र’ ठेवा.

दिवटी

कोठार पेटवायचा मुद्दा भारी आहे. एकच वाद घालतो. मूळ गोष्टीत हुलकावणी देणारे क्लू आणखी पेरायचा मोह होईल, तो आवरा. सुईणीचं मडकं ही एकच हूल, तीही अशी की तिचा पाठलाग केला तरी सत्याकडेच येता. बाकी दिशाभूल प्लेअर स्वतःच करून घेतात, बिनपगारी.

उंदीरपकड्या

न्हाव्याची पाटी कोरी राहिलीय. त्याच्याकडे जाणारे क्लू बाकी तिघांपेक्षा जास्त लागतील, कारण प्लेअरना कारभारी सापडला की ते केस मिटली असं धरतात. ज्यांना आवाज ऐकू येतात ते सगळे एकच आवाज सांगतात. अरगटाचा भास प्रत्येकाचा वेगळा असायला हवा, हे एक. न्हाव्याकडे रक्त काढून घेतलेल्यांच्या दंडावर जखम एकाच आकाराची, हे दुसरं. आणि चुन्याची भट्टी ओसाड म्हणतात, पण वाटेवर ताज्या चुन्याचे ठसे, जे पाऊस पडल्यावर कढत वाफ सोडतात. हे विनाफासा.

कंदीलधारी

कोठार पेटवण्याऐवजी धान्य धुऊन वाचवता येईल ना, कणीस म्हणतात तसं? गाव दोनशेचं. एवढं मीठ आणायचं कुठून?

कणीस

येईल. माणशी अर्धा किलो धरलं तर दिवसाला १०० किलो धान्य. १० लिटरच्या घाण्यात एका वेळी चार-पाच किलो टाका, ढवळा, वर आलेलं काढा, तळचं धान्य साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन वाळवा. म्हणजे एका दिवसाच्या पावासाठी वीस-पंचवीस खेपा. तेच पाणी पुन्हा चालतं, दर खेपेला थोडं मीठ वाढवत राहायचं. चार माणसांना दिवसाचे दोन तुकडे सहज लागतील, आणि तेवढा वेळ विच हंटरला मशालीपासून लांब ठेवायचं काम उरलेल्यांचं.

मीठ गावातच आहे. सरायवाल्याच्या तळघरात खारवलेल्या माशांची पिंपं असतील, त्यांतलं पाणी गाळून घ्यायचं. पुरेसं खारट आहे का हे बघायला त्यात एक ताजं अंडं सोडा. बुडालं तर अजून मीठ लागेल, चांगलं वर उचलून तरंगलं तर कामाला लागा. पिंपांचा उल्लेख पहिल्याच संध्याकाळी करा, जेवणाच्या वासासोबत, आणि पुन्हा त्याबद्दल एक शब्द बोलू नका.